करड्या ओळी

पाल निर्वातात भिंतीला चिकटून राहील का, असा प्रश्न पालेम्बांगच्या बू रोहायांनी सकाळी सव्वासातला ग्रुपवर टाकला.

डेपोकहून बांग तोगारने लगेच लिहिलं, "राहील की. पण मेलेली."

पोंतियानाकच्या कोह आसिनने लिहिलं, "मेलेली चिकटते का हा वेगळा प्रश्न झाला. माझ्या दुकानात वजनकाट्यामागे एक वाळलेली आहे. वर्ष झालं, पडलेली नाही."

मलांगमध्ये प्रवोतोंनी कॉफीचा पेला पडवीच्या कठड्यावर ठेवला, चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप केलं, "पाल चिकटते ती तळव्याच्या केसांतल्या रेणूंच्या ओढीने. हवेचा तिथे काडीचा संबंध नाही. हे शाळेत शिकवतात. शाळेत गेला असाल तर."

तीन हसरे चेहरे आले. प्रवोतो स्वतः कधी हसरे चेहरे पाठवत नसत. ग्रुपवर बाईंना बू म्हणत, वडीलधाऱ्याला पाक, आणि दादा म्हणायचं तर बांग किंवा कोह.

बासष्ट वर्षांचा हा माणूस. तीस वर्षं शिक्षकांच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं आणि तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला पैकीच्या पैकी दिले नाहीत. जगात त्यांना दोनच प्रकारची माणसं दिसायची, मूर्ख आणि अजून पकडले न गेलेले मूर्ख. शेजारच्या लग्नात पाऊस पडू नये म्हणून अंगणात काडीला मिरच्या-कांदे टोचून ठेवले, तर हे कुंपणावरून वाकून विचारणार, "ढगांना तिखट चालत नाही वाटतं?" शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून 'पुरावा दाखव' नावाचा हा ग्रुप हेच त्यांचं गणगोत, आणि तिथल्याही लोकांना ते फार मोजत होते अशातला भाग नाही.

अपवाद एकच, लरास. एकुलती एक मुलगी, दूर फ्लोरेस बेटावर एन्देच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. तीही ग्रुपमध्ये होती आणि वडिलांचीच जीभ घेऊन आली होती. रविवारी तिचा फोन आला नाही तर प्रवोतोंना सोमवारी जेवण जात नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लरासला तर नाहीच.

ग्रुपची एक वार्षिक रीत होती. सप्टेंबर संपता संपता सूर्य दक्षिणेकडे सरकू लागतो आणि वाटेतल्या प्रत्येक गावावर एका दुपारी नेमका डोक्यावर येतो. त्या क्षणी सरळ उभ्या काठीला सावली नसते. आधी विषुववृत्तावरचं पोंतियानाक, मग पालेम्बांग, मग डेपोक, मग मलांग, शेवटी एन्दे. एन्देच्या दक्षिणेला ग्रुपचं कुणी नव्हतं. ज्याचा दिवस असेल त्याने मीटरभर काठी ओळंब्याने सरळ उभी करायची, शेजारी आपण उभं राहायचं आणि स्वतःची पावलं दिसतील असा फोटो टाकायचा. पावलं कशाला, तर कुणी दुसऱ्याचा फोटो ढापू नये म्हणून. हा नियम प्रवोतोंचा.

तक्ताही त्यांचाच. चांगली निरीक्षणं पांढऱ्या ओळीत; न पटणारी करड्या ओळीत, वेगळ्या पानावर, जे फक्त त्यांना दिसे. करड्या ओळीला कारण द्यावं लागे. कारणं तीनच होती आणि ती ग्रुपभर ठाऊक होती: एक, काठी वाकडी. दोन, घड्याळ चुकलं. तीन, माणूस वेंधळा.

आणि एक नियम सगळ्यांना पाठ होता. निरीक्षण करणाऱ्यांनी एकमेकांना विचारायचं नाही. विचारलं की माणूस दुसऱ्याने पाहिलेलं पाहू लागतो, निरीक्षण बाटतं. काय ते प्रवोतोंना कळवायचं.

त्या दिवशी, तेवीस सप्टेंबरला, आसिनची पाळी होती. अकरा पस्तीसला त्याचा फोटो आला. काठी, खाली काही नाही, बाजूला चपला घातलेली दोन पावलं. टाळ्या पडल्या. मग पाच मिनिटांनी आसिनने लिहिलं, "एक विचारू? पलीकडे पाण्याच्या टाकीजवळ सिमेंटवर एक काळं वर्तुळ होतं. वर काहीच नव्हतं. सावल्या परत आल्या तेव्हा ते गेलं."

"तेलाचा डाग," तोगार म्हणाला.

"तेल पाच मिनिटांत जात नाही, बांग."

"मग तुझी पाल आली असेल काट्यामागून उठून."

प्रवोतोंनी लिहिलं, "किती अंतरावर? आकडा द्या. 'पलीकडे' हे मोजमाप नव्हे, कोह. तुम्ही काटे दुरुस्त करता ना?"

आसिनने खरंच फीत लावली होती. आठ मीटर ऐंशी सेंटिमीटर. प्रवोतोंनी आकडा करड्या ओळीत टाकला आणि कारण लिहिलं, तीन.

आठवड्याने पालेम्बांग. बू रोहायांचा जन्म इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे थेंब मोजण्यात गेलेला. बाईंचा हात कधी हलला नाही आणि अक्षरही नाही. त्यांनी फोटो टाकला, मग प्रवोतोंना एकट्याला कळवलं: "पाच मीटर सत्त्याऐंशी. गोल, काळं, काठीच्या उत्तरेला. डावी कड मोडलेली, पापडाचा तुकडा मोडावा तशी. पाक प्रवोतो, मला कोह आसिनना एक विचारायचंय."

"विचारायचं नाही. नियम आहे."

"त्यांच्याही वर्तुळाची कड..."

"बू, भर उन्हात पांढऱ्या सिमेंटकडे टक लावून पाहिलं की डोळ्यात ठिपका राहतो. रक्त तपासणाऱ्या बाईला हे मी सांगावं?"

"ठिपक्याचा फोटो येत नाही," त्यांनी लिहिलं आणि फोटो पाठवला. फोटोत वर्तुळ होतं.

प्रवोतोंनी तो पाहिला. वर झाडाची फांदी असेल, बाईंना दिसली नसेल. वय झालं की असंच. कारण तीन. मग ग्रुपवर, नाव न घेता, त्यांनी एक टोमणा सोडला की काही लोकांना फांदीच्या सावलीतही रिकाम्या अंगणात पाहुणे दिसतात. तोगारने त्यावर हसून डोळ्यांत पाणी आलेले सहा चेहरे टाकले. रोहायांनी त्यानंतर पालीबद्दल किंवा कशाबद्दलच काही विचारलं नाही.

दहा ऑक्टोबरला तोगार. हा पुलांचा इंजिनियर, बाताक जमातीचा माणूस, लिहायचा तेही ओरडल्यासारखं. त्या दिवशी मात्र त्याने नुसता फोटो टाकला आणि खाली एक शब्द, "शून्य." कोटी नाही, टिंगल नाही. दुपारी तीनला प्रवोतोंचा फोन वाजला. सहा वर्षांत तोगारने त्यांना पहिल्यांदा फोन केला होता.

"पाक, तुमच्याजवळच राहू दे हे."

"बोल."

"दोन मीटर पंचेचाळीस. मी फोटो कापून टाकला."

प्रवोतोंना गुदगुल्या झाल्या. "अरे वा. म्हणजे तूसुद्धा?"

"ऐका ना. तेव्हा माझी स्वतःची सावलीही तशीच होती. गोल, पायांभोवती. बरोबर तेवढीच. फरक एवढाच की माझ्या वर्तुळात मधे माझे पाय होते. त्याच्यात नव्हते."

"थंड पाण्याने डोकं धू आणि नारळपाणी पी," प्रवोतो म्हणाले. "एवढे पूल बांधलेस, देव करो ते तुझ्यापेक्षा भक्कम असोत."

तोगारने फोन ठेवला. प्रवोतोंनी त्याचाही आकडा करड्या पानावर टाकला. त्यांची एक सवय चांगली होती म्हणायची, मोजलेलं काही ते फेकून देत नसत. फक्त त्याकडे पाहत नसत.

चौदा तारखेला मलांगचा दिवस. आकाश धुतल्यासारखं निळं. प्रवोतोंनी अंगणात काठी रोवली, ओळंबा चारही बाजूंनी लावला, घड्याळ सेकंदाला जुळवून घेतलं. शेजारी कुणी रेडिओ लावला होता, तळणीत सोयाबीनचे तेंपे पडल्याचा चर्र आवाज आला. अकराला काठीची सावली वीतभरही नव्हती. सव्वाअकराला बोटाच्या पेरापेक्षा कमी. मग तीही काठीच्या बुडाशी शिरली आणि संपली. पेरूच्या झाडाखाली, कुंपणाखाली, कपड्यांच्या दोरीखाली सगळं आपापल्या पायाशी गोळा झालं.

आणि काठीच्या उत्तरेला, मोकळ्या सिमेंटवर, एक काळं वर्तुळ होतं.

प्रवोतोंनी वर पाहिलं. निळं आकाश. डोळे मिटले, साठपर्यंत मोजले, उघडले. मग त्यांनी जे केलं ते त्यांच्यासारखा माणूसच करणार. खिशातली फीत काढली.

काठीपासून सत्त्याऐंशी सेंटिमीटर. रुंदी एक्केचाळीस, म्हणजे साधारण माणसाच्या खांद्यांएवढी. डावी कड मोडलेली.

त्यांनी तळहात आत ठेवला. आजूबाजूचं सिमेंट तव्यासारखं तापलं होतं. आतलं पहाटेच्या फरशीसारखं गार होतं.

त्यांनी हात काढून घेतला आणि लुंगीला पुसला, का ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. थोड्या वेळात काठीची सावली दुसऱ्या अंगाने बाहेर आली. वर्तुळ नव्हतं.

फोन किणकिणत होता. "पाक, काय आलं?" "गुरुजींचं शून्य येणार, दुसऱ्या कुणाचं?" आणि लरासचं, "बापाक, लवकर टाका, माझा तास आहे."

आसिन, रोहाया आणि तोगार या तिघांना आपण काय काय बोललो ते प्रवोतोंना शब्दन् शब्द आठवत होतं. आता तेच तिघं वाचणार होते. त्यांनी फोटो कापला, अर्धाच ठेवला, मूळचा पुसून टाकला आणि लिहिलं, "शून्य. स्वच्छ."

"बघा," लरासने लिहिलं. "काहींच्या काठ्या वाकड्या. काठी सरळ तर सगळं सरळ."

जेवण झाल्यावर त्यांनी करडं पान उघडलं. स्वतःची ओळ भरायची होती. कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय होते. ते बराच वेळ पाहत बसले आणि मग त्यांनी दोन नंबर टाकला, घड्याळ चुकलं. बाकीचे दोन मनाला लागत होते.

आता पानावर यंदाच्या चार ओळी होत्या. पहिल्यांदाच त्यांनी त्या एकत्र वाचल्या. प्रत्येक गावाचा अक्षांश तक्त्यात होताच. आडव्या रेषेवर अक्षांश घेतले, उभ्या रेषेवर अंतरं, चार ठिपके दिले आणि पट्टी लावली.

इतकी सरळ रेघ त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. मुलांच्या प्रयोगवहीत अशी रेघ दिसली की ते कॉपी केली म्हणून भोपळा द्यायचे. एक अंश दक्षिणेला सरकलं की एक मीटर जवळ. पट्टी तशीच पुढे नेली तर रेघ खाली शून्य अंतरावर टेकत होती आठ अंश पंच्याऐंशी कलांवर नाही, तर आठ पूर्णांक पंच्याऐंशी शतांश अंशावर. ही दुरुस्ती त्यांनी मनातल्या मनात केली, कला साठाच्या पुढे जात नाहीत. अशा वेळीही चूक सोडवत नव्हती.

तो आकडा शोधायची गरज नव्हती. तक्त्यात शेवटच्या ओळीत लरासने स्वतः लिहिला होता. शाळेचं अंगण, एन्दे. सोळा ऑक्टोबर, परवा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तिला फोन केला.

"न्दुक, पोरी, उद्या तू काठीजवळ उभी राहू नकोस."

"का? ढग येणारेत?"

"ऊन फार आहे तिकडे."

"बापाक, ऊन नसेल तर सावली कशी जाणार?" ती हसली. मागे मुलांचा गलका होता. "पावलं दिसली पाहिजेत, नियम कुणाचा?"

"काठीचा फोटो काढ. तू बाजूला राहा."

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला? मुलं महिनाभर वाट बघतायत. मी त्यांना शिकवलंय, घाबरायचं ते न मोजलेल्या गोष्टीला. हे तुमचंच वाक्य."

खरं सांगायचं तर इथेच सांगायचं होतं. मी खोटं लिहिलं, एवढे तीन शब्द. प्रवोतोंच्या ओठांवर ते आलेही. पण मुलीच्या नजरेत एकदा उतरलो तर आपल्याजवळ दुसरं उरतं काय, असं त्यांच्या मनात आलं आणि ते म्हणाले, "छत्री घेऊन जा शाळेत." ती पुन्हा हसली. मग घंटा झाली.

सोळाला सकाळपासून ते पडवीत बसून होते. कॉफी तशीच गार झाली. तिकडचे अकरा एकोणचाळीस म्हणजे इकडचे दहा एकोणचाळीस. नऊला त्यांनी लांबलचक मजकूर लिहिला आणि पुसला. पावणेदहाला पुन्हा लिहिला, पुसला. ग्रुपवर तोगारने विचारलं होतं की उंच बांबूवर मुंगी चढली तर तिला वर हवा विरळ लागते का.

दहा वीसला त्यांनी लाज सोडली आणि लरासला लिहिलं: "मी खोटं लिहिलं होतं. माझ्याकडेही काहीतरी होतं. सत्त्याऐंशी सेंटिमीटरवर. सगळ्यांकडे होतं. तुझ्याकडे ते शून्यावर येणार. उभी राहू नकोस."

उत्तर लगेच आलं. "पुरावा दाखवा."

त्यांनी फोटो शोधला. कापलेला होता, मूळचा त्यांनीच पुसला होता. आसिनने वर्तुळाचा फोटो दिलाच नव्हता. तोगारनेही आपला कापला होता. रोहायांचा होता, पण त्याला त्यांनीच फांदी ठरवलं होतं. तो त्यांनी पाठवला.

"ही तर फांदी, बापाक. तुम्हीच टोमणा मारला होता ना?"

त्यांनी फोन लावला. तिने कापला. पुन्हा लावला. मग त्यांनी लिहिलं, "मी डोळ्यांनी पाहिलं. हात लावला."

"कारण नंबर तीन," तिने लिहिलं आणि हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. "आता फोन फोटोसाठी लागतोय. येते."

प्रवोतोंनी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, चारही आकडे, स्वतःचं खोटं, सगळं. कुणीतरी तिच्या शाळेत कुणाला ओळखत असेल तर फोन करा, असंही लिहिलं. रोहायांनी वाचलं. आसिनने वाचलं. तोगारने वाचलं. मग रोहायांनी लिहिलं, "मला तेव्हाच विचारू दिलं असतंत तर, पाक."

दहा एकोणचाळीस झाले.

दहा चाळीस.

दहा त्रेचाळीसला फोटो आला.

काठी. काठीशेजारी लरासचे काळे बूट. बाजूने पोरांच्या टाचा. स्वच्छ, उजळ सिमेंट, कुठेही काही नाही. काठीला सावली नाही, कुठे भलतं वर्तुळ नाही. फक्त बुटांभोवती तिची स्वतःची गोल सावली, त्या घटकेला कुणाचीही असते तशी.

"शून्य," तिने खाली लिहिलं. "स्वच्छ."

प्रवोतोंनी फोन मांडीवर ठेवला आणि ते रडले. बायको गेली तेव्हासुद्धा असे रडले नव्हते. ग्रुपवर हळूहळू जीव आला. तोगारने आपल्या पुलांच्या नावाने स्वतःलाच शिव्या घातल्या. आसिनने मान्य केलं की टाकी गळत होती. संध्याकाळी लरासचा फोन आला, तिने वडिलांची यथेच्छ खरडपट्टी काढली, आणि मग म्हणाली, "तुम्ही घाबरलात माझ्यासाठी. बरं वाटलं मला." त्या रात्री प्रवोतो दोन वेळा भात घेऊन जेवले.

सोमवारी सकाळी सव्वासातला तिने आणखी एक फोटो पाठवला. शाळेत दर सोमवारी झेंडावंदन असतं. मुख्याध्यापकांनी तो वरच्या मजल्यावरून काढला होता. "बघा, तुमची लेक धडधाकट आहे," तिने लिहिलं होतं.

दोनशे मुलं रांगांत उभी होती, पांढरे सदरे, लाल टोप्या. पुढे लरास ताठ उभी. सूर्य नुकता वर आलेला होता, त्यामुळे सगळ्यांच्या सावल्या लांबच लांब, पश्चिमेला अंगणभर पसरलेल्या. झेंड्याच्या खांबाची तर पार भिंतीपर्यंत गेली होती. प्रवोतोंनी बोटांनी फोटो मोठा केला, मुलीचा चेहरा पाहायला. मग थोडा खाली सरकवला.

लरासची सावली लांब नव्हती. भर दुपारी असते तशी ती पायांभोवती गोल होती. डावी कड मोडलेली होती.

त्यांनी ओळंबा नसताना, फीत नसताना, नुसत्या नजरेने मोजली. एक्केचाळीस.

फोन पुन्हा वाजला. तिचाच मजकूर होता.

"आणि बापाक, तुम्ही उन्हाची उगाच काळजी करत होता. हल्ली मी उन्हात कितीही वेळ उभी राहिले तरी पायाखाली छान गार लागतं."